सांजेला उतरणारं बीपी

सोम. १२ जाने., सांगली
अक्का दाखल. कवठे महांकाळकडच्या, जैन शेतकरी घरातल्या. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला, बीपी पार खाली गेलेलं. सलाईन जोरात सोडली, अँटिबायोटिक, मग बीपी धरून ठेवायला नॉरॲडचा पंप. आमच्या जुन्या सरांचा हात साध्या सलाईनकडे जायचा. मी रिंगर लॅक्टेट घेतलं; साध्या सलाईननं रक्तातली आम्लता वाढते. निवड बरोबर असावी. असावी.

मंगळ. १३
दिवसभर ठीक. शुद्धीवर आल्या, मलाच विचारलं, "जेवलास का बाबा?"
दिवेलागणीला बीपी घसरलं. पंप वाढवावा लागला. सलाईनची बाटली जवळजवळ भरलेली, नळीचं चाक बंद.
शैलासिस्टर : "सर, मी चालू करूनच गेले होते."
सगळे असंच म्हणतात.

बुध. १४
सकाळी शैलानं तीळगूळ ठेवला. "घ्या सर, आज तरी गोड बोला." तिच्याकडे न बघताच घेतला.
सांजेला परत तेच. ड्यूटीला दुसरीच सिस्टर. म्हणजे शैलावर उगीच संशय. मग कोण? नळीच खराब? की माझं रिंगरच चुकलं?

गुरु. १५
दिवेलागणीला, भेटीच्या वेळेत पडद्याआड उभा राहिलो. चोरासारखं वाटलं. अक्कांचे चिरंजीव अण्णा आले. दोघांनी णमोकार मंत्र म्हटला, मीही हात जोडून डोळे मिटले. डोळे उघडतो तर अण्णांचा अंगठा चाकावर.
"अण्णा! आईचा जीव घ्यायचाय का?"
"आवं डॉक्टर, दिस मावळल्यावर आई पाण्याचा थेंब घेत न्हाई. लग्नापासनं नेम हाय. तिनंच खुणावलं."
"अक्का, हे शिरेतून जातं."
"शिरंतनं का असंना, पाणीच न्हवं?"
आहे पाणीच. खोटं बोलवेना. चाक उघडलं. अक्कांनी तोंड भिंतीकडे केलं.

शुक्र. १६
लघवी नीट व्हायला लागली. पाय उचलून धरून पाहिले, पायातलं रक्त हृदयाकडे आलं तरी बीपी फारसं हललं नाही. म्हणजे आणखी पाणी नको. छातीत तळाला थोडी खरखरही आहे. मावळतीला चाक मीच बंद केलं.
हे डॉक्टरनं ठरवलं, की माझ्यातल्या, रोज सांजेला देवापुढं बसणाऱ्यानं? पाय पुन्हा उचलून पाहिले. तेच. तरी मनाला पटेना.
नॉरॲडचा पंप चालूच. तेही पाण्यातच मिसळलेलं.
"आनि ह्ये काय रं बाबा?"
"औषध, अक्का."
"बरं."
बराच वेळ पंपाकडे बघत होत्या. मग अण्णांकडे. भेटीची वेळ संपली तरी अण्णा जागचे हलले नाहीत. मीही खुर्ची ओढून बसलोय.
पंप कुठून बंद होतो, ते अण्णांना ठाऊक नसावं. नसावं.