गालातला चट्टा आणि चौथी ताटली

कोल्हापूर
दि. २ डिसेंबर २००२

प्रिय आत्ती,

सप्रेम जयभीम. मी इथं मजेत आहे, तुम्ही दोघं बहीणभाऊ खुशाल असाल. आण्णांना सांग, त्यांनी पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू हॉस्टेलच्या पोरींनी एका बैठकीत संपवले. मला दीड मिळाला.

फोन केला असता, पण तो येतो दुकानात आणि तू बोलतीस अशी, की निम्म्या कुरुंदवाडाला ऐकू जावं. आजचं पहिल्यांदा तुलाच कळायला हवं, म्हणून पत्र.

तर आत्ती, जमलं. माझं काम जमलं.

नीट सांगते. माझं औषध निळसर हिरवं आहे. अंड्याच्या बलकातली चरबी काढून तिचे फुगे करते आणि ते औषध त्यांत भरते. फुगे इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. हे औषध अंधारात झोपून असतं. लाल उजेड पडला की जागं होतं आणि जिथं उजेड पडला तेवढ्याच पेशी मारतं, बाकी अंगाला धक्का नाही. निदान तसं व्हायला हवं. ते बघायला कॅन्सरच्या पेशी काचेच्या चार ताटल्यांत वाढवायच्या. पहिलीत काहीच घालायचं नाही. दुसरीवर नुसता उजेड. तिसरीत औषध, पण अंधारात. चौथीत औषध आणि उजेड दोन्ही. मरायला पाहिजे ती फक्त चौथी.

आठ महिने माझी तिसरीही मरत होती. आमचे अमरसिंह सर म्हणाले, “अंधारात मारतं त्याला औषध नाही, विष म्हणतात. विषावर पीएच.डी. मिळत नाही.” मी फुगे बदलले, औषध बदललं, अंडीसुद्धा बदलली, गावठी आणली. तिसरी आपली मरतीच आहे. शेवटी वाटलं, गुंडाळावं सगळं आणि कुठल्यातरी शाळेत विज्ञान शिकवावं.

मग ऑक्टोबरात एका संध्याकाळी चहाला निघाले आणि चष्मा विसरला म्हणून माघारी आले. बघते तर माझ्या अंधारखोलीत ट्यूबलाइट लख्ख, आणि आमचे शिपाई ज्ञानूमामा बटणासमोर हात जोडून उभे.

“मामा, हे काय?”

“तिन्हीसांज झाली की, ताई. वास्तूत अंधार ठिवू न्हाय. रोज लावतो, वरच्या मजल्यावर फेरी मारून येस्तवर ऱ्हाऊ देतो, मग घालवतो.”

“दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, उजेड करू नये.”

“ते तुमच्या कामाचं. ह्ये देवाचं.”

मी चहाला गेले की माझ्या अंधारातल्या ताटल्यांना रोज अर्धा तास उजेड मिळत होता, आत्ती. मी अशी कडाडले की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. मग मलाच हसू फुटलं, आणि ज्ञानूमामा बिचारे रडकुंडीला आले. आता मी ताटल्या चंदेरी कागदात गुंडाळते आणि मामा दिवा बाहेर जिन्यात लावतात. दोघांचंही भागलं.

त्याच आठवड्यात तिसरी ताटली जगली आणि चौथी साफ मेली. सर भिंगातून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “आता हेच पुन्हा तीनदा.” तीनदा केलं, तीनदा तसंच आलं. फेब्रुवारीत बंगळूरच्या परिषदेत मला उभं राहून हे सांगायचं आहे. शुक्रवारी सर स्वतः येऊन सांगून गेले, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

पत्र इथं संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण जे लिहायला बसले ते राहूनच गेलंय, आणि मी लाडू नि अंडी सांगत बसलेय.

दोन वर्षांपूर्वी जयंतीला तू मला चुलीपाशी बोलावून गाल आतून दाखवलास. मिसरी ठेवतीस त्याच जागी पांढरा चट्टा. मला नुकताच प्रवेश मिळाला होता, अंगात वारं भरलेलं. मी म्हणाले, “थांब आत्ती, याचं औषध मीच करतीया.” तू हसलीस आणि गल्लीभर सांगितलंस. आण्णा तुला मिरजेला न्यायचं म्हणतात तेव्हा तू म्हणतीस, पोरगी औषध करतीया, कशाला कापाकापी. हे मला आण्णांनी जूनमध्येच सांगितलं होतं.

जूनमध्ये, आत्ती. तेव्हाच मी तुला लिहायला हवं होतं. पण तेव्हा माझी तिसरी ताटली मरत होती. औषध येणार नाही असं तुला लिहायचं म्हणजे मी हरले असं लिहायचं, आणि ते मला जमेना. माझ्या ताठ्यापायी तुझे सहा महिने गेले. आज काम जिंकलंय म्हणून खरं लिहायची हिंमत आली, याचीच मला लाज वाटते.

खरं असं आहे. ताटली म्हणजे माणूस नव्हे. यापुढं उंदीर, मग कितीतरी तपासण्या. दहा वर्षं लागतील, पंधरा लागतील, कदाचित होणारही नाही. तुझा गाल तेवढा थांबणार नाही. त्या चट्ट्याचा कॅन्सर होऊ शकतो. आत्ता दाखवलास तर नुसता चट्टा काढून भागेल. पुढच्या मंगळवारी पहिल्या गाडीनं आण्णांबरोबर मिरजेला जा. माझी वाट बघू नकोस.

तुझ्यावर नाही, स्वतःवर चिडलेली,
दीक्षा

---

कुरुंदवाड
ता. १२ जानेवारी २००३

दिक्षे,

जयभीम. ह्ये पत्र माझ्या हातचं हाय. साक्षरतेच्या वर्गाला सही शिकलो, बाकीचं आपसूक आलं. चुका काढत बसू नगंस.

तुझं पत्र आण्णानं वाचलं आन माझ्या हातात दिलं. मग मी वाचलो, बोट ठिवून, दोन येळा. मंगळवारी गेलो मिरजेला. डॉक्टरनं गालाचा तुकडा काढून तपासाय धाडला. धा दिस माझ्या जिवाचं काय झालं ते मला ठावं. मग बोलावून सांगितलं, अजून कॅन्सर न्हाय, पर दारापतूर आलता. चट्टा काढला. चार टाकं पडलं. आठ दिस आंबील आन दुधावर काढलं. परवा डॉक्टरनं टाकं तपासलं, म्हणाला, छान भरलंय. मिसरी सोडली हाय. पयले चार दिस डोस्कं फिरल्यागत झालं, सगळ्यांवर वराडलो, आण्णा तर रानातच जाऊन बसायचा.

आता तुझं ऐकलो, माझं ऐक. मी काय एवढी खुळी हाय व्हय? औषध करायला वर्सं जात्यात हे मला कळत न्हाय? चट्टा वाढतुया हे रोज आरशात बघत हुतो. तुझ्या आजीला, चिमणाबाईला, गळ्याच्या दुखण्यानं दवाखान्यात नेलं ती माघारी आली न्हाय. तवा मी तिच्या उशाशी हुतो. तवापासनं दवाखान्याची पायरी दिसली की मी माघारी फिरतो. लोक लई मागं लागलं की म्हणायचो, भाची औषध करतीया. की सगळी गप. तुझ्या औषधाचा मला आडोसा हुता, बाय. तुझ्या पत्रानं तो काढला. तवा बाहीर आलो. ते सहा म्हयनं माझं हैत, तुझं न्हवं. ते वझं खाली ठिव.

पायरी मी एकलीच चढलो. आण्णा हात धराय आला, त्याला म्हटलं, सरक बाजूला. वर जाऊन मागं बघितलं तर तोच खाली डोळं पुसत हुता.

ज्ञानूला रागं भरू नगंस. त्याला एक धोतर घे, माझ्याकडनं.

बंगळूरला मोठ्यानं बोल. आपल्या घरात हळू बोलायची रीत न्हाय. आन कुणी इचारलं ह्ये औषध कुणासाठी, तर माझं नाव सांगू नगंस, मला आता त्याचं काम न्हाय. मिरजेला माझ्या बाजूला चार बाया बसल्या हुत्या, तोंडाला पदर लावून. त्यातली एक नाव पुकारल्यावर उठून घराकडं गेली. कापाकापीला भ्याली. तिच्यासाठी कर. आन बिगीबिगी कर.

बरी झालेली,
तुझी आत्ती
शेवंता