तळीच्या काठावरचं गाऱ्हाणं

बाई, तळी अजून आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही कुठूनही आलात तरी चपला काढायच्या आत पहिलं हेच विचाराल. पाणी आहे, काठावरच्या सुरंगी आहेत, आणि वड तर आता इतका ऐसपैस झालाय की पारंब्यांना लोंबकळत बसून पोरं शाळेत उशिरा येतात. मी त्यांना ओरडते, तुम्ही मला ओरडायचात तश्शीच. सुरंगी फुलली की वास थेट बाजारापर्यंत येतो आणि बायका गजऱ्यासारखे वळेसर ओवून विकायला बसतात. तुम्ही एक वळेसर घ्यायचात आणि माळायचा सोडून टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याला गुंडाळायचात. विधवेनं फूल माळलं तर गाव बोलेल म्हणून नव्हे, गावाला तुम्ही कधी भीक घातली नाहीत. पोरांना पाणी पिताना वास यावा म्हणून.

देवळाच्या सभामंडपातली ती सभा तुम्हाला आठवत असेलच. गावात एस.टी. नुकती सुरू झाली होती आणि तिला उभं राहायला बाजारात जागा नव्हती. गाडी आली की गुरं, माणसं, माशाच्या पाट्या सगळ्यांची एकच तारांबळ. नगरपालिकेच्या अध्यक्षांनी तोड काढली: अर्धी तळी बुजवायची, काठावरची झाडं काढायची आणि तिथे स्टँड. लोकांचं मत घ्यायचं म्हणून सभा बोलावली ती देवळात, कारण इतकी माणसं मावतील अशी दुसरी जागा नव्हती. अध्यक्ष नेमके जत्रेला गावचा मानकरी गावकर देवाला गाऱ्हाणं घालतो त्याच जागी उभे राहिले आणि ठराव वाचू लागले. आवाज भरदार, प्रत्येक कलमानंतर थांबायची सवय. पहिलं कलम संपलं, ते थांबले, आणि पुढे बसलेला कुणी म्हातारा बोलून गेला, “व्हय म्हाराजा!” झालं. पिढ्यान्‌पिढ्या त्या खांबांमध्ये देवापुढे मागणं मांडलं जातं आणि सगळा गाव एका सुरात व्हय म्हणतो. दुसऱ्या कलमाला अर्धा मंडप म्हणाला, तिसऱ्याला सगळा. तळी बुजवायची, व्हय म्हाराजा. सुरंगी तोडायच्या, व्हय म्हाराजा. अध्यक्ष आधी दचकले, मग हसले, मग घाम पुसून म्हणाले की ठराव एकमतानं मंजूर आहे.

दुसऱ्या दिवशी झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे दिसले. मी धावत तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही चुलीपुढे बसून पेज ढवळत होतात. मी तुमच्याच हाताखाली शिकून तुमच्याच शाळेत नुकती लागले होते, आणि मला वाटलं होतं की तुम्ही गावाला नावं ठेवाल. तुम्ही डवली भांड्यावर आपटलीत. “गो, माज्या तोंडातसून पण भायर पडला! मी पण व्हय म्हटलंय! कशाक म्हटलंय ता तरी माका ठावक होता?” मग तुम्हाला हसू फुटलं, मलाही, आणि हसता हसता तुम्ही पदरानं डोळे पुसलेत. “देवाक आधी कौल लावतत,” तुम्ही म्हणालात. “उजवी कळी पडली तर व्हय, डावी पडली तर नाय. देवाक सुद्धा नाय म्हणूक मुभा आसा. आमका कोणी इचारल्यान?”

त्या दिवसापासून शाळा सुटली की आपण दोघी वाडीवाडीनं फिरायला लागलो. खारवीवाडीत तुम्ही विहिरींची गोष्ट काढलीत. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आपल्या विहिरींचं पाणी गोड राहतं ते तळीमुळे, ती आटते त्या वैशाखात कशी मचूळ होतात ते प्रत्येक घराला माहीत होतं. कुणी ते सभेत सांगायचं असतं एवढं मात्र माहीत नव्हतं. एक मासेविकी म्हणाली, “आमी बाजारात आरडतो ता पलीकडच्या वाडीत ऐकाक जाता. पण सभेत आमचो आवाज कोण घेता?” किरिस्तांवाडीतल्या ख्रिस्ती सुताराचं म्हणणं त्याहून साधं होतं. “बाई, देवळात सभा. आमी खंय बसाचा?” परतताना खालच्या वाडीपाशी थांबलात, जिथल्या माणसांना मंडपाची पायरीसुद्धा चढू देत नसत, आणि म्हणालात की अर्धा गाव बाहेर ठेवून एकमत झालं म्हणे. मला तेव्हा खरोखर भीती वाटली. अध्यक्ष शाळा समितीवरही होते. बदली होईल असं मी म्हटलं, तर रस्त्यात उभ्या राहून तुम्ही मला जे सुनावलंत ते अजून कानात आहे: “करूदेत बदली. थयसर पण पोरां आसतलीच. पण हयसर पोरांक ‘आपले हक्क’ शिकवून मी गप रवलंय, तर तेंका काय तोंड दाखवू?”

गावकराकडे तुम्ही एकट्या गेलात. म्हातारा आडमुठा, पण रीतीला पक्का. कौल न लावता घातलेलं गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, हे त्यानंच जाऊन अध्यक्षांना ऐकवलं. निवडणूक तोंडावर होती. गावकराला नाही म्हणायची अध्यक्षांची छाती झाली नाही. सभा पुन्हा ठरली, आणि तुमच्या हट्टापायी ती ठरली तळीच्या काठावर, वडाखाली. अठरापगड माणसं आली. काही जण खालच्या वाडीबरोबर एका सावलीत बसायला नको म्हणून उन्हात उभे राहिले, ते अखेरपर्यंत उन्हातच राहिले. अध्यक्षांनी ठराव वाचला. या वेळी कुणी हूं की चूं केलं नाही. मग गावकर उठला, हात जोडले, पण देवळाकडे नव्हे, लोकांकडे तोंड करून. “बारा वाडयेच्या म्हाराजा, ही तुजी तळी. बुजवची?” व्हयशिवाय दुसरं उत्तर त्या सुरात कुणी कधी दिलंच नव्हतं. मग मागून ती मासेविकी ओरडली, “नाय म्हाराजा!” आणि पाठोपाठ सगळा काठ. पाण्यावरचे बगळे उडाले, बाई. मला रडू आलं आणि तुम्ही कोपरानं ढोसलंत.

कारण तुमचं संपलं नव्हतं. “नाय म्हणणा सोपा,” तुम्ही म्हणालात. “आता राखतलो कोण ता सांगा. आणि एस्टीक जागा दिया.” नुसतं मागणं तुम्हाला कधी पटलंच नाही. चांगला वाद झाला, दोन माणसं एकमेकांच्या अंगावर गेली, आणि ऊन कलता कलता ठरलं: पावसाआधी गाळ काढायचा, वाडीवाडीनं पाळी लावून, झाडाला हात लावायचा तर आधी इथेच बसून विचारायचं, स्टँड वर सड्याच्या माळावर. सड्याची चढण चढताना पाट्यावाल्या बायका आजही तुमच्या नावानं बोटं मोडतात. मोडू देत. त्याच बायका घरी जाऊन गोड पाणी पितात.

बदली व्हायची ती झालीच. दोडामार्गाच्या बाजूला, रानात. निघायच्या दिवशी वाटलं होतं की तुमच्या पेटीतलं एखादं पुस्तक मला द्याल. तुम्ही दिलंत गाळाचं घमेलं. “माजी पाळी तू काढ. चुकवलंस तर बघ,” एवढंच म्हणालात आणि गाडीत खिडकीशी जाऊन बसलात. तिकडच्या दुसऱ्या पावसात ताप आला आणि तुम्ही गेलात. तळीचा पहिला मोठा गाळ निघाला तो तुम्हाला दिसलाच नाही, याचा राग मला अजून येतो. कुणावर काढावा ते कळत नाही. घमेल्याचं बूड गेलं, मी नवं बसवून घेतलं. पाळी एकदाही चुकवलेली नाही.

आता आजचं. गोवा मोकळा झाल्यापासून आपली माणसं पणजीला जाऊन बागा बघून येतात, सावंतवाडीचं तळं तर बघतातच, आणि मग आपली तळी त्यांना गावंढळ वाटते. मलाही वाटली. मी हायस्कुलात शिकवते आणि गेल्या निवडणुकीत नगरपालिकेवर निवडून आले. योजना माझीच आहे: काठाला लोखंडी कठडा, फाटक, बाकं, फवारा, क्रोटनच्या कुंड्या. परवा नव्या हॉलमध्ये सभा झाली. मी ठराव वाचला, लोकांनी मान डोलावली, मंजूर झाला. काल संध्याकाळी तळीवर गेले तर तीच मासेविकी, आता पार वाकलेली, गोधड्या धूत होती. म्हणाली, “बाय गो, फाटक लागला काय आमी धुवचा खंय? ढोरां पाणी खंय पितली?” मी म्हटलं, मग सभेत का नाही बोललीस? “थंय सगळे खुर्च्येर. आमी खंय बसाचा?”

मी घरी आले आणि घमेल्याकडे बघवेना. पण आज सकाळी दवंडी द्यायला सांगितलं आहे. येत्या रविवारी सभा तळीच्या काठावर, वडाखाली, खुर्च्या नाहीत. आताचे अध्यक्ष म्हणतात की मंजूर ठराव पुन्हा उकरणं म्हणजे पोरखेळ. खेळ तर खेळ. मी ठराव वाचणार नाही, विचारणार आहे, आणि कठडा नको म्हणाले तर कठडा नाही. फवारा मात्र मला मनापासून हवाय, तेवढं मी भांडून बघेन. नाहीच म्हणाले तर तोही नाही.

हे सगळं मी रविवारी सांगेन. एक गोष्ट तेवढी तिथे सांगवणार नाही म्हणून इथे लिहिते आहे, आणि हा कागद सकाळी चुलीत जाईल. परवा हॉलमध्ये पहिलं कलम वाचून मी थांबले, तेव्हा मागून कुणीतरी थट्टेनं “व्हय म्हाराजा” म्हणालं आणि सगळ्यांनी ते उचललं. तिथेच थांबायला हवं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण बाई, ते ऐकायला इतकं बरं वाटलं की पुढची कलमं मी मुद्दाम सावकाश वाचली, प्रत्येकानंतर थांबत.