बिनआवाजाच्या ओवाळणीची तक्रार

मुलुंड पूर्व,
मंगळवार, दुपारची वेळ

तीर्थस्वरूप दादूच्या पायांवर धाकट्या शकुचं डोकं.

इकडे माझे गुडघे आणि यांची पाठ सोडली तर बाकी सगळं झकास आहे. तुझा खोकला कसा आहे? वहिनीची म्हैस व्यायली का? (पोरगी झाली असली तर माझं नाव ठेवू नका, गेल्या वेळी ठेवलं होतंत, मला सगळं कळतं.) फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि वहिनीला सगळं ऐकू येतं, म्हणून हा कागद.

तर तुझ्या ओवाळणीबद्दल. भाऊबीजेला ताटात काही न टाकता तू नुसता 'गाडी देतो' म्हणालास, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, दादूच्या थापा सुरू. पण गुढीपाडव्याला खरंच विजेची स्कूटर दारात उभी! लायसन्स लागत नाही इतकी ती हळू आहे (परवा मला एका पाववाल्याच्या सायकलने मागे टाकलं), पण दादू, काय सांगू तुला, मला पंख फुटले रे! गुडघे गेल्यापासून माझं भांडुपचं भजनी मंडळ सुटलं होतं. रिक्षावाल्याला भांडुप म्हटलं की तो मान हलवायचा, आणि जिना उतरून, उन्हात उभी राहून, तोंड पाडून मी परत वर. आता दर गुरुवारी स्वतः जाते, पेटीवर बसते, आणि घरी येऊन कुणाला हिशेब देत नाही. या वयात आपलं आपण कुठे जाता येणं म्हणजे काय, ते तुम्हा पुरुषांना नाही कळायचं.

पण पूजेच्या दिवशीच वाट लागली, ती तुला कुणी सांगितली नाही. मी गाडीला हळदकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. तुला फोटो पाठवायचा म्हणून हे गाडीवर बसले. पुढच्या चाकाखालचं लिंबू चिरडल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, म्हणून चावी फिरवली. आता यांचा सगळा जन्म जुन्या स्कूटरवर गेलेला. लाथ मारायची, मग धूर, मग सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा आवाज, तेव्हा कुठे ती गाडी चालू. या बयेचा आवाजच नाही! "चालूच झाली नाही गं," असं म्हणत यांनी मूठ पिळली. आवाज येईना म्हणून आणखी पिळली. लिंबू फट्‌कन फुटलं, आणि हे हारासकट निघाले ते थेट सुलक्षणावहिनींच्या पोह्याच्या पापडांत. (सुलक्षणावहिनी म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सुबोध परुळेकर, त्यांची बायको. लुगडं अंथरून तिने ते आवारात वाळत घातले होते.) गाडी थांबली ती सुबोधभाऊंच्या खुर्चीला टेकून. लागलं कुणालाच नाही, पण एक पापड चाकाला चिकटून गोल गोल फिरत होता, आणि मला मेलीला हसू आवरेना. तिथेच चुकलं बघ.

संध्याकाळच्या आत फळ्यावर सूचना लागली: पार्किंगमध्ये विजेची वाहनं चार्ज करू नयेत, पुढचा निर्णय येत्या सभेत. लिफ्ट आम्हाला नाही, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. मग रोज बॅटरी काढून वर आणायची. ती पाट्यावरच्या वरवंट्याहून जड, माझ्याने कसली उचलते! हे आणतात. दर मजल्यावर टेकतात, कण्हतात, तुझ्या नावाने काहीतरी पुटपुटतात (ते इथे लिहीत नाही). घरात ती मिक्सरच्या प्लगवर बसते, त्यामुळे चटणी बंद. दुपारी तिला ऊन लागेल म्हणून हे तिच्यावर पंखा सोडतात. मी आजारी पडले तेव्हा मला नव्हता हो सोडला!

हसण्यावारी नेतेय, पण खरं सांगते दादू, मला आता ते बघवत नाही. माझ्या भजनापायी त्यांची पाठ जायची. रात्री कूस बदलताना 'आई गं' म्हणतात आणि मी विचारलं की म्हणतात, गॅस झालाय. म्हणून मनावर दगड ठेवून लिहिते: तुझा आंब्याचा टेम्पो इकडे येईल तो रिकामाच परत जातो ना? त्यात ही गाडी घालून ने. तुझ्या सुनेला होईल. माझं भजन काय, घरच्या घरी पण होतं.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
शकु

ता. क. टेम्पो पाठवू नकोस. पाठवलास तर मी आडवी पडेन. झालं असं, की हे पत्र टाकायला मी गाडीनेच निघाले. मैदानापाशी कट्ट्यावर हे आपल्या मित्रांत पाठमोरे बसलेले. मी अगदी मागे जाऊन थांबले, आवाज नाही ना, कुणाला पत्ताच नाही. हे सांगत होते, "सुबोधला म्हटलं, सभेत काय ठरवायचं ते ठरव. बॅटरी मी उचलीन, पण गाडी राहणार. अरे, गुरुवारी गाऊन आली की दोन दिवस घरात गुणगुणत असते. किती वर्षांनी ऐकतोय!" मला भर रस्त्यात रडू आलं रे. जन्मात कधी तोंडावर बोलले नाहीत! तशीच मुकाट मागे वळले आणि पत्र घेऊन घरी आले.

ता. क. २. सुलक्षणावहिनींसाठी पोह्याचे पापड मात्र पाठव, भरपूर. सभा जवळ आलीय.

ता. क. ३. आता खरं काम. कट्ट्यावर पुढे हे असंही म्हणाले, की एकदा मागे बसून भांडुपला जावं, तिचं गाणं ऐकावं, पण बायकोच्या मागे बसलेलं लोक बघतात. तर पुढच्या महिन्यात अधिक मास लागतोय. जावयाला वाण द्यायचंच आहे तर अनारशांबरोबर चांदीचं काही देऊ नकोस, निरांजनं आमच्याकडे पडून आहेत. एक हेल्मेट दे. सासरचं वाण नाकारायचं नसतं, असं तेच सगळ्यांना सांगतात. डोकं मोठं आहे, त्या मापाचं बघ. आणि काच काळी कुळकुळीत हवी, आतला माणूस कोण ते सुबोधभाऊंनाच काय, मलासुद्धा ओळखू येता कामा नये.