सतरा कोटींची ठेव

७ मार्च २०२१
मीरान आली. चपला काढायच्या आतच सुरू! “ताई, तुझे पैसे झोपलेत. माझे शेअर बघ, वर्षात दीडपट!” धाकटी बहीण, पण तोरा सासूचा. कर्ज काढून फ्लॅटही घेतलाय.

मी म्हटलं, शेअर महाग, घरं महाग. चढलेल्या भावात मी नाही शिरणार.

“मग कधी शिरणार? मेल्यावर?”

शिरणारच नाही! माझे सतरा कोटी वॉन घरमालकाकडे ठेव आहेत. हे गेले, मग नूडल्सचं दुकान विकलं, त्याचे आलेले. जॉन्सेच्या घराला भाडं नसतं. घर सोडलं की ठेव सगळीच्या सगळी परत. कमाई शून्य, पण बुडायची भीती नाही. पत्ता या घरी नोंदवलेला, करारावर शिक्का. उद्या घर लिलावात गेलं तरी आधी माझे पैसे, मग बँकेचे. मीरानला हे सांगितलं तर जांभई दिली बाईनं.

१ एप्रिल
सातशे वॉन भरून घराचा उतारा काढला. दर महिन्याला काढते. बोजा काही नाही. अख्ख्या इंचन शहरात माझ्याइतकं सावध कुणी असेल तर दाखवा!

१९ मे
चार दिवस कुणाशी बोलले नव्हते. आज मंडईत कांदापातीचा भाव विचारला तर घशातून आवाजच फुटेना. भाजीवाली म्हणाली, “सर्दी झालीय का?” हो म्हटलं. काय सांगणार?

८ जून
बॉयलर बंद पडला. घरमालकाला फोन केला, माणूस पाठवेल म्हणून. स्वतःच आला! योम तेसॉप त्याचं नाव, चाळिशीचा, जरा सुटलेला. आत्तापर्यंत फक्त करारावरच्या सहीत भेटला होता. बाह्या वर करून तासभर खटपट केली. जेव म्हटलं तर आढेवेढे नाहीत. मुळ्याचं किमची दोनदा मागून घेतलं. “आई, माझ्या बायकोला शिकवा हो हे.”

आई म्हणाला. इथं सगळेच म्हणतात बायकांना, दुकानदारसुद्धा. तरी.

११ जुलै
योम येऊन गेला. काम काहीच नव्हतं.

२१ सप्टेंबर
छुसॉक, पितरांना पान वाढायचा सण. यांच्या फोटोपुढं पान मांडलं. मूलबाळ नाही, त्यामुळे नमस्कार करायला मी एकटीच. गुडघे वाकत नाहीत, कसाबसा उरकला. दर सणाला यांची माफी मागते.

अकराच्या सुमाराला बेल. योम! नासपतीची पेटी घेऊन. पान बघितलं. मग कोट काढला, मोजे नीट केले आणि यांच्यापुढं पूर्ण साष्टांग दोन नमस्कार घातले. दारू ओतली, दोन्ही हातांनी. मुलानं करायचं ते सगळं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नळ सोडून, म्हणजे ऐकू जाऊ नये.

१२ ऑक्टोबर
योमचं काम आहे माझ्याकडे. धंद्याचं जुनं कर्ज फेडून या घरावर स्वस्त व्याजाचं घ्यायचंय, आणि बँकेला कागदावर घर रिकामं दिसायला हवं. “आई, एकच दिवस. पत्ता बहिणीकडे हलवा, दुसऱ्या दिवशी परत आणा. तुम्ही कुठं जायचं नाही, फक्त कागद.”

मीरानला फोनवर सांगितलं. ती किंचाळलीच. “ताई! वेड लागलंय का तुला? पत्ता हलला की रांगेतला नंबर गेला तुझा! शेअरला घाबरतेस आणि हे करतेस?”

तिला काय कळतंय! सगळ्यांकडे संशयानंच बघते. मी फोन ठेवून दिला.

१४ ऑक्टोबर
पत्ता हलवला. दहा मिनिटांचं काम.

१५ ऑक्टोबर
परत आणला. योमला कळवलं. त्याचं उत्तर: “आई, तुम्ही नसतात तर काय केलं असतं!” चारदा वाचलं.

१ नोव्हेंबर
उतारा काढला नाही. घरच्या माणसाची काय झडती घ्यायची?

१ फेब्रुवारी २०२२
चांद्र पंचांगाचं नवं वर्ष. तांदळाच्या चकत्यांचं सूप दोन माणसांचं केलं. योम आला नाही. धंद्यात असेल.

२ मे
फोन उचलत नाही. मेसेज वाचलेला दिसतो.

२० जून
कोर्टाचं पाकीट. घर लिलावात. लगेच उतारा काढला. बँकेचा बोजा, वीस कोटींचा. तारीख १४ ऑक्टोबर. त्या एका दिवसाचाच! मी आता बँकेच्या मागे. घर विकून बँकेचंच भागणार नाही, मला काय उरणार?

चौसष्टाव्या वर्षी मी कुठं जाऊ? सगळी मिळकत होती ती. आमच्या दोघांची छत्तीस वर्षं, पहाटे चारला मळलेली कणीक.

२१ जून
मीरानला सांगितलं. वाटलं, आता फाडून खाईल. म्हणाली, “जेवलीस का? येते मी.” तिचेही शेअर आपटलेत, पण त्यावर एक अक्षर नाही.

२३ जून
पोलिसांत तक्रार दिली, त्यांना पत्ताबदलाचा दाखला हवा होता. मीरानबरोबर वॉर्डाच्या कचेरीत गेले. काउंटरवर पत्ता हलवताना होती तीच मुलगी, चष्मेवाली. मला बघून तिचा चेहरा पडला.

“मावशी, मी त्या दिवशी दोनदा सांगितलं होतं तुम्हाला. घरमालक म्हणतो म्हणून पत्ता हलवू नका, फसवतात. तुम्ही म्हणालात, घरमालक नाही, माझा मुलगा आहे तो.”

मीरान गर्रकन माझ्याकडे वळली.

हे इथं लिहिलं नव्हतं मी. म्हणाले होते. मागं रांगेत सात-आठ माणसं होती, त्यांनाही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाले होते.