नकलेतली चूक

बाबा, तुम्हाला गिरणीच्या संपाने खाल्लं असं लालबागची आपली सगळी चाळ म्हणायची, आणि मीही कित्येक वर्षं तेच सांगत आले. ते अगदीच खोटं नाही. पण गेल्या वर्षी दादाच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. वेळेत सापडली, काढली, आता तो बरा आहे. त्याच्या रक्ताच्या तपासणीत जे आलं ते वाचल्यावर तुमचं दुखणं काय होतं ते मला कळलं.

मी परळच्या एका प्रयोगशाळेत अशाच तपासण्या करते, म्हणून समजावून सांगते. एका पेशीच्या दोन व्हायच्या आधी पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. शरीर कसं घडवायचं आणि चालवायचं ते त्या दुपदरी धाग्यात चारच अक्षरांत लिहिलेलं असतं. पदर सुटतात, आणि प्रत्येक जुन्या पदरासमोर नवा पदर तयार होतो, ठरलेल्या अक्षरासमोर ठरलेलंच अक्षर. चुकीचं अक्षर बसलं तर नक्कल करणारं यंत्र तिथेच अडतं, मागे सरकतं, ते काढून बरोबर अक्षर बसवतं आणि मग पुढे जातं.

हे शिकताना मला दसरा आठवला होता. त्या दिवशी गिरणीत घरच्यांना आत सोडत. मागांना, तुमच्या भाषेत साच्यांना, झेंडूच्या माळा, हातात पेढा, आणि तुम्ही तुमच्या साच्यावरचं अर्धवट कापड दाखवताय. एक आडवा धागा चुकलेला आहे. मी त्यावर पेढ्याचं बोट ठेवलं म्हणून आधी हातावर चापट, आणि मग धडा: "चूक दिसली काय साचो थांबवूचो, थयसर उसवूचा, मगे फुडे. रेटत गेलंस तर आख्खो तागो फुकट."

तरी काही चुका निसटतातच. त्या शोधायला पेशीत मागाहून दुसरी तपासणी होते. ती तपासणी करणारं प्रथिन घडवायची कृती प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक आईकडची, एक वडिलांकडची. तुमच्याकडची एक प्रत बिघडलेली होती. दुसरी, चांगली प्रत शाबूत असते तोवर निभतं. आतड्यातल्या एखाद्या पेशीत तीही बिघडली की चुका साठत जातात आणि गाठ होते. तुमच्या प्रत्येक मुलाकडे ती बिघडलेली प्रत यायची शक्यता निम्मी. दादाकडे आली.

संप सुरू झाल्यावर तुम्ही दादरला कापडाच्या दुकानात लागलात आणि दुसऱ्याच आठवड्यात घरी आलात, कारण गिऱ्हाईकाला तुम्ही स्वतःच कापडातला दोष दाखवलात. आई कपाळाला हात लावून हसली होती. आणि तोच माणूस रक्त पडतंय हे लपवतो! आईने कपडे धुताना पाहिलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मूळव्याध आसा. संप मिटांदे, गिरणीच्या विम्याचा कार्ड चालू झाला काय दाखयतलंय." संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. आजचं मरण उद्यावर ढकलता ढकलता तुम्ही गेलात. मला तुमचा राग आला होता, अजून येतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. दादाचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले, बहिणीनेही रक्त द्यावं. तिच्यात ही चूक नसेल तर तिच्या मुलीला काळजी नाही. असेल तर मुलीचीही तपासणी करावी लागेल. मी रोज दुसऱ्यांच्या नळ्यांवर नावं चिकटवते. माझी नळी भरायला दोन मिनिटं लागतील.

परवा लेकीने जेवताना विचारलं, "आई, तुझा रिपोर्ट आला का गं?" मी म्हटलं, "आला. काही नाही निघालं." तिने ताट बाजूला सारून मला मिठी मारली. तिला वाटतं, ती सुटली.

बाबा, मी रक्त दिलेलंच नाही.