वायफायची खंडेनवमी

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाटावर पान्हा, पकड, बायको रूपालीचा मिक्सर आणि यंदा प्रथमच वायफायचा डबा. पुसून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आज अवजारांना विश्रांती, म्हणून वायर काढली. रूपालीने विचारलं, परत कोण लावणार? घरात टेक्निकल माणूस एकच आहे, याची तिला आठवण करून दिली.

२ ऑक्टोबर, दसरा
वायर लावायची होती. सणाच्या दिवशी माळ काढणं बरं दिसत नाही. उद्या नक्की.

३ ऑक्टोबर
निकिताच्या लॅपटॉपवर नेट रांगतंय. मंगळवारी पुण्याच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत. पहिलीच नोकरी, पोरगी घाबरली आहे. म्हटलं, बाप आहे ना!

संध्याकाळी
निदान झालं. लॅपटॉप तापतो. खाली पोळपाट ठेवला. जेवायला भात.

४ ऑक्टोबर
महत्त्वाचा शोध. आपल्या हॉलमध्ये नेट मरतं. गॅलरीत शेजारच्या चंदरच्या भिंतीला टेकलं की धावतं. अर्थ उघड आहे. आपलं नेट भिंतीतून चंदरकडे जातंय. आणि हा माणूस जिन्यात नमस्कार करतो!

५ ऑक्टोबर, सकाळी
चंदरला जिन्यातच गाठलं. तो म्हणाला, काका, तुमचं कशाला वापरू, माझं मला हाय की! पण आमचंबी लय स्लो झालंय, कोणीतरी चिकटलंय. दया आली. सल्ला दिला, ताबडतोब पासवर्ड बदल, फुकट्यांची गय करू नकोस. त्याने तिथेच मोबाइल काढून बदलला. शेजारधर्म.

दुपारी
नेट ठार बंद. चोर सूड घेतोय. कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी विचारते, डब्यावर हिरवा दिवा दिसतो का? असले बालवाडीचे प्रश्न मला विचारू नका, असं सुनावून फोन ठेवला.

६ ऑक्टोबर
निकिता म्हणाली, बाबा, राहू द्या, मी दुसरीकडे बघते. म्हटलं, बापाच्या शब्दाला काही किंमत? तिने लॅपटॉप उचलला. पोळपाट स्वयंपाकघरात परत गेलाय.

७ ऑक्टोबर, मंगळवार
निकिताने मुलाखत चंदरच्या हॉलमध्ये दिली. त्याची बायको सुवर्णा हिने चहा दिला, नवा पासवर्डही दिला. तो टाकताना कळलं, लॅपटॉपमध्ये चंदरचं नेट आधीपासूनच होतं. गणपतीत आमचं बंद पडलं तेव्हा मीच पासवर्ड मागून जोडलेलं. डब्याची वायर निघाल्यापासून लॅपटॉप आपला आपण तिकडेच चिकटत होता. चंदर जिन्यातून ओरडला, काका, फुकटे तुम्हीच निघाले की! सगळी बिल्डिंग हसली. लाज वाटली.

रूपालीने सुकलेली माळ निर्माल्यात टाकली आणि लोंबणारी वायर माझ्या हातात दिली. लावली. हिरवा दिवा लागला. दुरुस्ती शेवटी मीच केली, याची इथे नोंद असावी.

मुलाखतीत निकिताला विचारलं, अवघड माणसाबरोबर काम केल्याचा अनुभव आहे का? तिने म्हणे माझं उदाहरण दिलं. त्यांना फार आवडलं. दुसऱ्या फेरीला बोलावलंय.

म्हटलं, आता आपलं नेट एकदम फास्ट आहे.

ती म्हणाली, दुसरी फेरीसुद्धा चंदरकाकांकडेच देणार.