दुसऱ्याची खिंड

रोंबांज, १२ मे

प्रिय दिदिए,

आशीर्वाद. तू आणि सेलीन मजेत असाल. इकडेही सगळं ठीक. जुन्या पोलादभट्टीच्या जागेवर मोठं दुकान झालंय. लोक तिथे टोमॅटो आणायला जातात, याचा बाबांना अजून राग येतो.

तुझं आमंत्रण मिळालं. प्राध्यापक निवृत्त झाला की शेवटचं व्याख्यान असं थाटात होतं, हे मला माहीतच नव्हतं. मी बुटांच्या दुकानातून निवृत्त झाले तेव्हा मालकिणीने केक आणला होता आणि त्यातला अर्धा तिनेच खाल्ला. मी नक्की येणार. बाबांचं मात्र जमेलसं दिसत नाही. त्यांचा गुडघा दुखतोय.

तर पॅरिसच्या त्या विद्वानांत अगदीच अडाणी दिसू नये म्हणून मी शेवटी परदेशातून इथे आलेल्या कामगारांवरचं तुझं पहिलं पुस्तक वाचायला घेतलं. हसू नकोस. इतकी वर्षं ते आईच्या फोटोशेजारी उभं आहे, मी त्यावरची धूळ पुसते, पण उघडायचं कधी मनात आलं नाही. आकडे आले की मी पान उलटते आणि माणसं आली की थांबते. आवडलं, अगदी मनापासून. फक्त प्रश्न फार पडले. पोलंडहून आलेल्या बायका कंपनीच्या त्या एवढ्याशा घरांत कोबी कुठे आंबवायच्या? वासावरून शेजाऱ्यांशी भांडणं नाही झाली? तू काहीच लिहिलेलं नाहीस.

आणि ते पहिलं पान! भर जानेवारीत एकोणीस वर्षांचा गवंडी इटलीतून चोरून खिंड ओलांडतो. कमरेएवढं बर्फ, पुढचा माणूस दिसेना, म्हणून सगळे एकमेकांचे कोट धरून चालतात. तू नाव दिलं नाहीस, पण ते आपले बाबा, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी मक्याचा पोलेंता खाता खाता आपण ती गोष्ट किती वेळा ऐकली असेल! तुझी सगळी कारकीर्द त्या एका पानातून निघाली, असं तू स्वतःच वर्तमानपत्रात सांगितलं होतंस.

मी जन्मभर लोकांच्या पायांकडे बघत आले, त्यामुळे मला वेगळंच कुतूहल वाटलं. बाबा मागच्या बागेत बटाट्यांना माती लावत होते. हो, गुडघ्यांवर बसून. वर लिहिलेलं दुखणं खोटं आहे. तसं लिही, असं त्यांनीच सांगितलं होतं.

"बाबा, तेव्हा तुमच्या पायांत काय होतं हो?"

"कधी?"

"खिंडीत. बर्फात."

ते थांबले. मग म्हणाले, "बुटांचं काही बोलला नव्हता तो."

"तो? तो कोण?"

"निवृत्त झालीस ना? मग कसले बूट विकतेस?" असं म्हणून ते पुन्हा माती ओढायला लागले. पण मी कसली सोडते! कॉफी घेऊन बाहेरच जाऊन बसले.

दिदिए, बाबा डोंगर चढून आले नाहीत. ते आगगाडीने आले, हातात कामाचा करार घेऊन. डोंगर चढला तो एर्मेस झुलियानी. आपली आजी, आईची आई, पैसे घेऊन कामगारांना जेवायला-झोपायला ठेवायची ना, त्यांतला एक. तेव्हा बाबाही तिथेच राहायचे, आईशी लग्न नंतरचं. दोघांत मिळून एक गादी. एर्मेस दिवसपाळीला निघाला की रात्रपाळी करून आलेले बाबा त्याच्या उबेत शिरायचे. गाठ पडायची ती रविवारी, जेवायला. तेव्हा एर्मेस ती गोष्ट सांगायचा आणि सगळं टेबल गप्प व्हायचं. पुढे कारखान्यात साखळी तुटली आणि तो जागीच गेला. मागे कुणी नव्हतं.

"मग ती गोष्ट तुमची कशी झाली?" मी विचारलं.

"दिदिए सात वर्षांचा होता. शाळेत कुणीतरी इटलीवाला म्हणून मॅकरोनी चिडवलं, तर घरी येऊन फणफणत विचारतो, बाबा, आपण इथे आलो कसे? काय सांगणार? मिलानमध्ये भरतीच्या डॉक्टरांनी नागडं उभं केलं, खेचरासारखे दात तपासले आणि पास केलं, हे? पोराची मान खाली गेली असती. एर्मेसची गोष्ट झकास होती. सांगायला तो उरला नव्हता. वायाच चालली होती."

"आणि तो मोठा झाल्यावर?"

"मोठा झाला आणि छापूनच घेऊन आला! मग काय म्हणू, पुस्तक परत कर?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. दुसऱ्यांच्या बापांसाठी तू कुठली कुठली दप्तरं पालथी घातलीस, पण आपल्या बापाचे कागद मागवावेत असं तुला कधी वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं. रविवारच्या जेवणावर बाप जे सांगतो, ते कुणी तपासतं का?

आता बाबांच्या न येण्याचं खरं कारण लिहिते. तू व्याख्यानाची सुरुवात त्याच गोष्टीने करणार, हे बाबांना माहीत आहे. "तो माझ्याकडे हात करेल. टाळ्या वाजतील. मला उठावं लागेल. एर्मेसच्या टाळ्या मी घेऊ?" म्हणून ते येत नाहीत. हे बाहेर आलं तर तुझ्या नावाचं काय होईल, मला कळत नाही. पंडित मंडळी हसतील का रे? मला त्याची भीती वाटते. पण ती गोष्ट तू पुन्हा त्यांच्या नावावर सांगितलीस, तर त्यांना तोंड वर करता येणार नाही, याची मला जास्त भीती वाटते.

मिलानला म्हणे डॉक्टर तळहातही बघायचे. घट्टे नसतील तर परत पाठवायचे. बाबा तर शिंप्याच्या हाताखाली होते, हात बाईसारखे मऊ. म्हणून निघण्याआधी ते रोज विहिरीचा दोर तळहातांवर घासत बसले, रक्त येईपर्यंत. हे मला दोन वाक्यांत सांगितलं.

"हे दिदिएला का नाही सांगितलंत?"

"तो सगळ्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांकडे टेप घेऊन गेला. माझ्याकडे नाही आला. त्याला वाटलं, बापाला विचारून झालंय."

व्याख्यानाआधीचा रविवार मोकळा ठेव आणि ये. मी अजून बरंच विचारून बघितलं. एर्मेस गेला त्या सकाळी त्या गादीवर तुम्ही झोपलात का, असंही विचारलं. बाबांनी तळहातांवरची माती झटकली. मग म्हणाले, "ते दिदिएला सांगेन."

तुझी वाट बघणाऱ्या दोघांपैकी एक,
जोझियान